पुढच्या चाकाची नक्षी

मास्तर शिंपी होते, आणि उलटं लागलेलं कापड त्यांना जळक्या दुधासारखं लांबून कळायचं. समोरून कोणी चौकटीचा शर्ट घालून गेला आणि खिशाच्या चौकटी छातीच्या चौकटींना जुळत नसल्या, की ते मशीन थांबवायचे, त्या माणसाकडे त्याच्या घरी काहीतरी वाईट घडल्यासारखे बघायचे आणि मग पुन्हा पाय चालू करायचे. एकदा बसमध्ये त्यांनी एका अनोळखी गृहस्थांना सांगितलं होतं, "तुमची डावी बाही दुसऱ्या कोणाची तरी आहे." गृहस्थ पुढच्या स्टॉपला उतरले. त्यांना तिथेच उतरायचं होतं की नाही, हे मास्तरांनी विचारलं नाही.

अशा माणसाच्या नजरेसमोर मोटरसायकल उभी करायला नको होती. पण जागाच तेवढी होती. तळमजल्यावर दुकान, वरच्या मजल्यावर घर आणि जिन्याशेजारच्या बोळात जावयाची गाडी. मास्तरांची एकुलती एक मुलगी आणि जावई त्यांच्याबरोबरच राहायचे. मास्तर सांगताना "ते आमच्याकडे राहतात" असं सांगायचे. त्यांची बायको "आपण त्यांच्याकडे जेवतो" असं सांगायची. मुलगी हॉस्पिटलात नर्स होती. तिला सगळे छकू म्हणायचे, फक्त तिचे पेशंट म्हणायचे नाहीत, कारण त्यांना तिची भीती वाटायची. जावई एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटरसायकल शिकवायचा. माणूस इतका सावध, की बोळातून गाडी काढतानासुद्धा रिकाम्या जिन्याकडे वळून बघायचा.

तर जावयाने गाडीला दोन्ही टायर नवीन घातले. मास्तर मशीनवर बसले की बरोबर समोर ते दिसायचे. पहिल्या दिवशी मास्तरांना काहीतरी खुपलं, पण काय ते कळेना. दुसऱ्या दिवशी एका ब्लाउजला काज करता करता कळलं. टायरवर बाणाच्या टोकांसारख्या खाचांची नक्षी होती. मागच्या टायरवर ती टोकं एका दिशेला आणि पुढच्यावर बरोबर उलट्या दिशेला. एकच कंपनी, एकच जोडी, आणि एक टायर सुलटा तर दुसरा पालथा!

"टायरवाल्याने घाण करून ठेवलीय," मास्तर बायकोला म्हणाले.

"कुठे घाण?" ती केरसुणी घेऊनच आली.

"नक्षी जुळत नाही."

"चाकाची?"

"मग? मखमलीची लव कोटाच्या एका पानावर, म्हणजे एका तुकड्यावर, वर आणि दुसऱ्यावर खाली लावली तर गिऱ्हाईक मला काय म्हणेल?"

"चाक काय अंगात घालायचंय?" असं म्हणून ती गेली. मास्तरांच्या मते या घरात सौंदर्यदृष्टी त्यांच्यापासून सुरू होऊन त्यांच्यापाशीच संपत होती.

जावयाला सांगावं तर तो बिचारा टायरवाल्याशी भांडायला जाणार. त्यापेक्षा आपणच परस्पर दुरुस्त करून टाकावं, म्हणजे त्याला एक दिवस अचानक दिसेल आणि तो म्हणेल, वा बाबा. संधी लगेच आली. छकू आणि जावई एका रविवारी बसने बाहेरगावी गेले. किल्ली खिळ्याला होती. मास्तरांनी गाडी ढकलत नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली.

पंक्चरवाला गाडी बघून म्हणाला, "हवा?"

"पुढचा टायर काढ आणि उलटा करून बसव."

"फाटलाय का आतून?"

"फाटलेला नाही. उलटा लागलाय. मागचा बघ, पुढचा बघ. दिसतंय का?"

पंक्चरवाल्याने मागचा बघितला, पुढचा बघितला, मग मास्तरांना बघितलं. वाकून त्याने पुढच्या टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. "इथे बाण आहे, मास्तर. चाक ज्या बाजूला फिरतं त्या बाजूलाच आहे. उलटा केला तर बाण मागे जाईल."

"बाण जाईल, पण नक्षी तर जुळेल?"

"नक्षी जुळेल," पंक्चरवाल्याने कबूल केलं.

"मग झालं. बाण एवढासा, नक्षी सगळ्या टायरभर. यातलं महत्त्वाचं काय ते तूच सांग. बाण कारखान्यातल्या कोणीतरी घाईत मारला असेल. माझ्याकडेसुद्धा कापडाच्या ताग्यावर चुकीचे शिक्के येतात."

"गाडी तुमची, टायर तुमचा," पंक्चरवाला म्हणाला.

दोन्ही मास्तरांचे नव्हते. पण त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर मास्तर कौतुकाची वाट बघत बसले. जावई सकाळी गाडी काढायचा, तेव्हा ते मशीनवरून मान वर करून विचारायचे, "काही वेगळं दिसतंय का?"

"चष्मा बदललात, बाबा?"

"छे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "नीट बघा. काही फरक?"

"हां, केस कापलेत."

तिसऱ्यांदा मास्तरांनी विचारलं नाही. ज्याला दिसत नाही त्याला दाखवण्यात काय अर्थ, असं म्हणून ते थोडे रुसले आणि मग विसरले. गाडीही आपली चालत होती. कोरड्या रस्त्यावर उलटा टायर कोणाला हाक मारून सांगत नाही.

एके दुपारी सर्कलपाशी दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर गेला. झाडांपेक्षा रस्त्याला जास्त पाणी मिळालं. मागून जावई आला, त्याच्या मागे दोन शिकाऊ विद्यार्थी. मध्ये कुत्रं आलं. जावयाने रोज शिकवतो तसा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, गाडी सरळ ठेवून ब्रेक मारला. पुढचं चाक पायाखालून सतरंजी ओढावी तसं सरकलं. कुत्रं वाचलं. जावयाच्या खांद्याजवळचं हाड मोडलं आणि सरांची इभ्रत दोन विद्यार्थ्यांसमोर रस्त्यावर आडवी झाली.

हॉस्पिटल छकूचंच होतं, त्यामुळे उपचार उत्तम झाले आणि बोलणी त्याहून उत्तम बसली. घरी आल्यावर सासूबाईंची पाळी. आणि मास्तर? मास्तर पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले, गळ्यातली टेप नीट केली आणि म्हणाले, "एक लक्षात ठेवा जावईबापू. कात्री आणि गाडी, दोन्ही हळू चालवाव्यात."

"हळूच होतो, बाबा."

"पडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो."

जावयाने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "हो. माझंच काहीतरी चुकलं असणार."

मास्तरांना बरं वाटलं. आपण बोललेलं कोणीतरी ऐकलं, असं त्यांच्या घरात क्वचित व्हायचं.

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक येऊन गेले. सफरचंदं आणली, चहा घेतला आणि निघता निघता जावयाला अडखळत सांगितलं, "सर, पोरांनी पाहिलंय हो. ब्रेक शिकवणारा माणूस ब्रेक मारून पडला, असं सगळीकडे झालंय. तुम्ही काही दिवस ऑफिसात बसा, फोन घ्या. खांदा बरा झाला की मैदानावर पाणी टाकतो. माझ्यासमोर आणि त्या पोरांसमोर भिजल्या जमिनीवर जोरात ब्रेक मारून दाखवा. जमलं तर परत मैदान तुमचं. नाहीतर मग... फोनचं कामही चांगलंच आहे."

फोनचं काम कसं आहे हे जावयाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

काही दिवसांनी ते दोन विद्यार्थी सरांना बघायला आले. एक लठ्ठ, एक बोलका. मास्तर त्याच खोलीत पलंगाच्या पायथ्याशी बसून जावयाच्या शर्टाची बाही उसवत होते. हात गळ्यात बांधलेला असताना घालता यावा म्हणून.

बोलक्याने विचारलं, "सर, पुढच्या आणि मागच्या टायरची नक्षी उलटसुलट का असते? माझ्या गाडीची तशीच आहे. दुकानदार फसवतो का?"

मास्तरांनी मान वर केली. हा मुलगा हुशार वाटत होता.

"फसवत नाही," जावई म्हणाला. शिकवायला मिळाल्यावर त्याचा आवाजच बदलला. "मागचं चाक गाडीला ढकलतं. पुढचं चाक मुख्यतः तिला थांबवतं. म्हणजे दोघांवर ओढ एकमेकांच्या उलट्या बाजूने येते. टायर आतून पट्ट्या एकावर एक चढवून केलेला असतो, त्याला सांधे असतात. ओढ अशी यायला हवी की सांधा दाबला जाईल, उचकटला जाणार नाही. पाण्याचंही तसंच. ब्रेकच्या वेळी खाचांनी पाणी बाजूला ढकललं पाहिजे. म्हणून पुढची नक्षी उलटी दिसते. नक्षी बघायचीच नाही. बाजूला बाण असतो, तो बघायचा."

"आणि कोणी उलटा लावला तर?" लठ्ठाने विचारलं.

"कोरड्यात कदाचित कळणार पण नाही. ओल्यात ब्रेक मारला तर..." जावई हसला. "पण बाण दिसत असताना उलटा कोण लावेल?"

मास्तरांच्या हातातली कात्री टाके सोडून कापडात गेली. चांगली दोन बोटं आत.

त्यांना सगळं कळलं होतं, आणि नको इतकं नीट कळलं होतं. शिवण कुठल्या बाजूला पाडायची, हे त्यांनी आयुष्यभर ओढ बघून ठरवलं होतं. पाठीची शिवण एका बाजूला, बाहीची दुसऱ्या. दोन्ही एकाच बाजूला पाडा म्हणणाऱ्याला त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. तीच गोष्ट चाकाला लागू आहे हे त्यांना सुचलं नाही, कारण चाक त्यांनी शिवलेलं नव्हतं. आणि पंक्चरवाल्याचं बोट बाणावर टेकलेलं त्यांना आता इतकं स्पष्ट दिसायला लागलं, की नखातला काळा मळसुद्धा दिसला.

"बाबा, बाही फाटली," जावई म्हणाला.

"फाटली," मास्तर म्हणाले. "माझंच चुकलं."

"असू दे हो. शर्टच आहे."

इतक्या लवकर माफी मिळेल अशी ती चूक नव्हती, पण माफी शर्टाच्या नावावर जमा झाली.

त्या दिवसापासून मास्तरांच्या मशीनचा सूर बिघडला. एका वकीलबाईंच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बाई म्हणाल्या, "मास्तर, मी एकाच बाजूने वाद घालते हे खरं, पण हात मला दोन बाजूंना आहेत." एरवी मास्तरांनी बाईंशी वाद घातला असता. या वेळी ते म्हणाले, "माझंच चुकलं," आणि म्हणताना इतके समाधानी दिसले की बाई घाबरून पायरी उतरल्या. कुठलीही चूक मिळाली की ते ती अंगावर ओढून घ्यायला लागले. दूध उतू गेलं, माझंच चुकलं. नळ गेला, माझंच चुकलं. फक्त एक चूक तेवढी त्यांच्याकडून कबूल होत नव्हती. त्यांना वाटत होतं, बाकीच्या सगळ्या मिळून तिची भरपाई होईल.

बायकोने कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही. मग एवढे गरीब का झालात?"

एकदा ते पंक्चरवाल्याकडेही जाऊन आले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"जावई पडला," मास्तर म्हणाले.

"ऐकलं."

"टायरमुळे?"

पंक्चरवाल्याने बुडबुड्यांवरची नजर काढली नाही. "पाणी होतं ना? पाण्यावर सरळ टायरसुद्धा घसरतो. देव जाणे."

हे शब्द मास्तरांनी घरापर्यंत उराशी धरून आणले. सरळ टायरसुद्धा घसरतो! बोळात पोहोचेपर्यंत ते जवळजवळ निर्दोष होते. मग समोर गाडी दिसली. मेकॅनिकने वाकडा ब्रेक बदलला होता, आरसा बदलला होता. टायर मात्र तसाच होता, जुळलेल्या सुंदर नक्षीचा. त्या नक्षीकडे बघवेना म्हणून मास्तरांनी गाडीवर जुनी चादर टाकली. बायकोला सांगितलं, धूळ बसते.

जावयाचा खांदा सुधारला. हात गळ्यातून निघाला. मालकांचा फोन आला, शनिवारी या, टँकर सांगितलाय. आणि इथे मास्तरांना दुसरी गोष्ट उमगली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. जावई त्याच गाडीवर, त्याच टायरवर, मुद्दाम ओल्या केलेल्या जमिनीवर, मुद्दाम जोरात ब्रेक मारणार होता.

आता गप्प राहणं म्हणजे झालेलं लपवणं राहिलं नव्हतं. ते पुन्हा एकदा करणं होतं.

मास्तरांनी भित्र्या माणसाला साजेसा मार्ग काढला. कोणाला न सांगता टायर पुन्हा सुलटा करून टाकायचा. पण आता जावई घरातच असायचा, गाडी ढकलत न्यायची तर चार डोळे बघणार. म्हणून चाकच काढून पिशवीतून न्यायचं त्यांनी ठरवलं. शेजारच्या प्लंबरकडून पाना मागून आणला. दुपारी जावई वर झोपलेला असताना ते चादरीखाली शिरले आणि दिसला तो पहिला नट फिरवू लागले. नट हलला नाही. मास्तर घसरले, गुडघ्यावर आले, पुन्हा लटकले. बाहेरून बघणाऱ्याला चादरीखाली मोटरसायकल कुस्ती खेळतेय असंच वाटलं असतं.

चादर वर झाली. ड्युटीवरून आलेली छकू उभी होती. तिने पाना बघितला, चाक बघितलं, वडिलांच्या नाकावरचं ग्रीस बघितलं.

"बाबा..." तिचे डोळे भरून आले. "शेवटी तुम्हालाच माझं मन कळलं."

"काय?"

"मोडताय ना गाडी? मोडा. नीट मोडा. शनिवारी चालूच होता कामा नये." ती खाली बसली. आवाज हळू केला. "त्याला बोलून दाखवत नाही मी. पण बाबा, तो भीत असतो. मध्येच आपला उजवा हात समोर धरून बघत बसतो. ब्रेकची बोटं अशी दुमडतो, उघडतो. म्हणतो, मी बरोबर दाबलं होतं गं. मग म्हणतो, नसेन दाबलं. इतकी वर्षं मी चुकीचंच शिकवत असेन तर? त्या दोन मुलांना फोन करून सांगत होता, मी सांगितलेलं विसरा."

मास्तरांच्या हातातून पाना पडला.

"तुम्ही मोडा," छकू म्हणाली, "मी पहारा देते."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मुलगी त्यांच्याकडे इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं तशी बघत होती, आणि ते बघणं आणखी थोडा वेळ चालावं असं मास्तरांना वाटलं. माणूस किती खाली जाऊ शकतो हे त्यांना गुडघ्यावर बसल्या बसल्या समजलं.

"नट निघत नाही," एवढंच ते म्हणाले.

"मी हॉस्पिटलातून कोणालातरी आणते," ती म्हणाली आणि त्यांच्या नाकावरचं ग्रीस पुसून वर गेली.

पण शुक्रवारी सकाळी जावईच हेल्मेट घेऊन खाली उतरला. "बाबा, जरा मैदानावर जाऊन येतो. उद्याच्या आधी एकदा हात बसवतो. मालकांनी टँकर आजच मागवलाय म्हणे." छकू त्याच्या मागे जिन्यात उभी होती आणि वडिलांना डोळ्यांनी विचारत होती, मोडली का? सासूबाई डबा द्यायला दारात आल्या होत्या.

जावयाने चादर काढली, घडी करून पायरीवर ठेवली. नेहमीसारखं जिन्याकडे वळून बघितलं. गाडी सुरू केली.

मास्तर मशीनवरून उठले, ते टेप, सुई, टाचण्यांसकट, आणि बोळाच्या तोंडाशी गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

"बाजूला व्हा, बाबा."

"चाक उलटं आहे."

"काय?"

"गाडी बंद कर. करा. पुढचं चाक. टायर. मी उलटा करून घेतला. तुम्ही बाहेरगावी गेला होतात तेव्हा. नक्षी जुळत नव्हती म्हणून." आवाज फुटत होता, पण थांबला तर पुन्हा सुरू होणार नाही हे त्यांना माहीत होतं. "पंक्चरवाल्याने बाण दाखवला होता. मी त्याला म्हटलं, बाण चुकीचा. तुम्ही बरोबर ब्रेक मारला असेल. मीच... आणि वर तुम्हाला कात्रीचं ज्ञान दिलं."

जावयाने गाडी बंद केली. उतरून पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. बोटाने टायरवरची धूळ पुसली. बाण होता, आणि तो मागे बोट दाखवत होता.

सासूबाईंना बोलायचं होतं, पण कुठून सुरू करावं ते पहिल्यांदाच त्यांना सुचेना. छकूने एकच वाक्य म्हटलं. "काल मी तुमचं नाक पुसलं, बाबा." आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तर वाट बघत होते. त्यांना वाटत होतं, आता तो ओरडेल. ओरडावं. त्यांनी त्यासाठी मान थोडी खालीही घातली होती.

जावई उठला तेव्हा ओरडला नाही. "रोज पहिल्या तासाला मी काय शिकवतो माहितीय?" तो म्हणाला. "बसायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा. टायर बघा. बाण बघा. आणि मी तुम्हाला सांगतोय, केस कापलेत म्हणून."

"तुमचा काय दोष? मी तर..."

"बाबा, थोडा वेळ बोलू नका."

मास्तरांनी तोंड मिटलं.

"चला," जावई म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्या त्या मित्राकडे."

पंक्चरवाल्याने दोघांना येताना बघितलं आणि स्टूल सरकवून ठेवलं. जावयाने मास्तरांकडे बघितलं. म्हणजे बोलायचं मास्तरांनी. दुकानापुढे दोन रिक्षावाले चहा पीत उभे होते, एक शाळेची मास्तरीण सायकलमध्ये हवा भरून घेत होती. मास्तर सर्वांदेखत म्हणाले, "पुढचा टायर मी सांगून उलटा लावून घेतला होता. तो सुलटा कर."

"बाणाप्रमाणे?" पंक्चरवाल्याने विचारलं. त्यालाही आयुष्यात मजा कमीच होती.

"बाणाप्रमाणे."

"नक्षी नाही जुळणार, मास्तर."

"नको जुळायला."

टायर रिमवरून सुटताना आणि पुन्हा बसताना होणारा आवाज मास्तर उभ्याने ऐकत राहिले. काम झाल्यावर जावयाने गाडीभोवती फेरी मारली. दोन्ही चाकांपाशी वाकला. मग गाडीवर बसला, मागचे पायटेके उघडले आणि छकूचं हेल्मेट मास्तरांपुढे धरलं.

"बसा."

"मी?" मास्तर उभ्या आयुष्यात मोटरसायकलवर बसले नव्हते. शिंप्याने दोन्ही पाय जमिनीजवळ ठेवावेत असं त्यांचं मत होतं. "मी कशाला? मी दुकान..."

"बसा, बाबा."

ते बसले. हेल्मेट त्यांच्या कानांवर इतकं घट्ट बसलं की जग लांब गेल्यासारखं वाटलं. हात कुठे धरायचे ते कळेना. बरा समजून एक खांदा धरला, तो दुखरा निघाला म्हणून सोडला, मग कंबर धरली. गिऱ्हाइकाचं माप घेतात तशी, आदराने.

मैदानावर टँकर येऊन गेला होता. काळी जमीन चकाकत होती. मालक छत्री घेऊन कडेला बसले होते, उन्हासाठी. बोलका आणि लठ्ठ आपापल्या गाड्यांशी उभे होते. सरांच्या मागे टेप लटकवलेला म्हातारा बघून बोलका काहीतरी म्हणणार होता, लठ्ठाने त्याला कोपर मारलं.

पहिल्या फेरीत जावयाने वेग घेतला आणि पाण्यात शिरून नुसता मागचा ब्रेक मारला. गाडीची शेपटी हलली. मास्तरांनी सगळ्या ओळखीच्या देवांना एकदम हाक मारली. दुसऱ्या फेरीतही तेच. तिसऱ्या फेरीत मास्तरांनी डोळे उघडून खांद्यावरून पुढे बघितलं. उजव्या हाताची बोटं ब्रेकवर यायची नाहीत. ती हवेत सरळ ताठ राहायची.

त्यांना ती बोटं बघवेनात. खांद्याचं हाड डॉक्टरने जोडलं होतं. बोटांचं काय करावं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती त्यांनी मोडली होती.

गाडी कडेला थांबली. जावई हेल्मेटच्या आतून म्हणाला, "मला कळतंय टायर आता सरळ आहे. बोटांना कळत नाही."

मास्तरांना खूप काही म्हणायचं होतं. त्यातलं पुष्कळसं स्वतःबद्दल होतं. ते त्यांनी गिळलं.

"अरे, मी मागे बसलोय," ते म्हणाले. जावयाला त्यांनी कधी अरे म्हटलं नव्हतं. ते निघून गेलं. "घसरलास तर माझीही हाडं मोडतील. माझी जुनी आहेत, जुळणार नाहीत. तरी मी उतरत नाही. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे. माझ्यावर तुझा नसू दे. दाब तू."

"भीती वाटते."

"मला तर उलटी यायची बाकी आहे. दाब."

जावयाने हेल्मेटचा पट्टा आवळला. मग गाडी वळवली. या वेळी वेग पहिल्यापेक्षा जास्त होता, वारा मास्तरांच्या टेपचं टोक त्यांच्या तोंडात घालत होता. पाणी आलं. मास्तरांनी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं, म्हणून त्यांना दिसलं. एक बोट आलं. दुसरं आलं. मग उरलेली दोन, आणि चारही जणांनी मिळून ब्रेक आत घेतला, हळूहळू, मग जोरात.

पुढचं चाक बसलं. पाणी दोन्हीकडे फाकलं. गाडी एका रेषेत थांबली, आणि मास्तरांचं कपाळ जावयाच्या हेल्मेटवर एवढ्या जोरात आपटलं की आवाज मालकांपर्यंत गेला.

बोलक्याने टाळी वाजवली. मालक छत्री मिटून उभे राहिले. "सर! उद्यासाठी काही ठेवा!"

"उद्या पोरांना आणखी एक गोष्ट सांगायचीय, मालक," जावई ओरडून म्हणाला. "टायर उलटा होता. आणि मी तो बघितला नव्हता."

"मी सांगतो ना," मास्तर मागून घाईघाईने म्हणाले. "मी लावला, मी सांगतो. तू कशाला..."

"तुम्ही तुमचं सांगा. मी माझं सांगेन."

त्याची चूकही आपल्या अंगावर ओढून घ्यायची सोय त्याने मास्तरांना ठेवली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "मला काही बोलणार नाहीस का रे? एकदा बोलून टाक."

"बोलणार आहे," जावई म्हणाला. "पुष्कळ बोलणार आहे. घरी गेल्यावर. छकूला पण बोलायचंय, सासूबाईंना पण. आधी हे होऊ दे." त्याने पुन्हा वेग दिला. "घट्ट धरा."

मास्तरांनी धरलं.